हिशेबाची वही आपल्या हाती
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला ‘आरोग्य क्षेत्रातील शिक्षण आणि कर्ज’ या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितले. मी अर्थतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत लिपिक म्हणून काम करतो. पण आपल्या शहापूर-मुरबाड भागातील नर्सिंग, औषधनिर्माण, होमिओपॅथी, आयुर्वेद शिकणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक कोणते कागद घेऊन बँकेत येतात आणि कोणते कागद घरी विसरून येतात, हे मी रोज पाहतो. त्या अनुभवावरच बोलणार आहे.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यात ‘कर्ज’ हा शब्द उच्चारला की जुनी माणसे गप्प होतात. त्याला कारण आहे. १९३८ च्या सुमारास डी. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने मुंबई सरकारसाठी आदिवासी भागाची पाहणी केली. त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील ‘लग्नगडी’ पद्धतीची नोंद केली. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचे. फिटले कधी, हे ठरवणार सावकार. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. तरीही आजसुद्धा दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे आपल्याच दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांची उचल कोणाच्या वहीत लिहिलेली असते? भट्टीमालकाच्या.

म्हणून मला वाटते, आपल्या माणसांना गुलाम केले ते नुसत्या कर्जाने नव्हे. कर्जाची वही दुसऱ्याच्या हातात होती, आणि ती आपल्याला वाचता येत नव्हती, म्हणून आपण गुलाम झालो. आज आपली मुले वाचायला शिकली आहेत. तेव्हा माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, फी असो, शिष्यवृत्ती असो, बँकेचे कर्ज असो किंवा कॉलेजविरुद्धची तक्रार असो, तिचा हिशेब विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीत असला पाहिजे.

शिक्षणासाठी कर्ज काढणे यात लाज काही नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. तीही फुकट नव्हती. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन, असा करार त्यांना करून द्यावा लागला होता. पुढे १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी ते लंडनला गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकलेली रक्कम, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, अशी त्यांची शिदोरी होती. त्याच लंडनमधील अभ्यासातून १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मित्राचे कर्ज काढून शिकणाऱ्या या माणसाने देशाच्या रुपयाचा हिशेब मांडला! आणि ज्याला आपण ‘भारत सरकारची शिष्यवृत्ती’ म्हणतो, ती अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते.

आता मुद्द्याकडे वळतो. कर्जाचा विचार प्रवेश घेण्यापूर्वी करायचा असतो. आपल्याकडे उलटे होते. आधी प्रवेश, मग धावपळ, मग आईचे मंगळसूत्र गहाण, मग बचत गटाचे कर्ज आणि सर्वांत शेवटी बँक.

प्रवेशापूर्वी पहिली चौकशी मान्यतेची करा. नर्सिंगला ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते. डी.फार्म. दोन वर्षे आणि बी.फार्म. चार वर्षे, त्याला फार्मसी कौन्सिलची मान्यता लागते. बाजारपेठेत माडीवर एक खोली, पांढरा कोट आणि ‘एका वर्षात नर्स व्हा’ अशी पाटी दिसली, तर पैसे भरण्याआधी विचारा की हा कोर्स केल्यावर कौन्सिलमध्ये नोंदणी होईल का? नोंदणी नाही तर तुम्ही नर्स नाही. आणि मान्यता नाही तर शिष्यवृत्ती नाही, बँकेचे शैक्षणिक कर्जही नाही.

दुसरी चौकशी फीची. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. कोणत्या कॉलेजची कोणती फी मंजूर आहे, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्या आकड्याचा कागद काढून वहीत चिकटवा. त्याहून जास्त मागितले, तर मागणी लेखी द्या म्हणावे आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. कॅपिटेशन फी घेण्यास आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्याने मनाई आहे. पण पावती नसलेल्या पैशाची तक्रार कोणी आणि कशाच्या आधारे ऐकायची?

तिसरी चौकशी सवलतीची. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती. त्यावर असेल तर शिक्षण फी व परीक्षा फीची सवलत, जिला आपण ‘फ्रीशिप’ म्हणतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच ‘स्वयं’ योजना असून त्यांचे प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. ज्याला हे मिळू शकते, त्याने फीसाठी कर्ज काढणे म्हणजे घरच्या विहिरीत पाणी असताना टँकर विकत घेणे होय.

मात्र या सवलती आपोआप चालत घरी येत नाहीत. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत दिले नाही, तर राखीव जागेवरचा प्रवेश धोक्यात येतो आणि सवलतही जाते. त्याची तयारी अकरावी-बारावीतच केली पाहिजे. महाडीबीटीवरचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणून दुसऱ्या वर्षी घरी बसलेल्या मुलांच्या नावावर तिसऱ्या वर्षी थकबाकी निघते. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लिपिकाच्या टेबलावर अडला आहे, प्राचार्यांकडे अडला आहे की समाजकल्याण कार्यालयात, हे दर पंधरा दिवसांनी पाहून तारखेसह वहीत लिहावे.

येथे आमच्या बँकेच्या कामातली एक गोष्ट सांगतो. शिष्यवृत्ती जमा होते ती आधारशी जोडलेल्या खात्यात. एकाच व्यक्तीची दोन-तीन खाती असतील, तर ज्या खात्याला आधार सर्वांत शेवटी जोडले गेले, त्या खात्यात रक्कम जाते. ‘पैसे आलेच नाहीत’ असे म्हणत मुले येतात आणि पाहावे तर पैसे शाळेत असताना उघडलेल्या किंवा कोणत्या तरी मोबाईल कार्डाबरोबर उघडलेल्या खात्यात पडून असतात. म्हणून आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे, ते आधी तपासा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. २०२१ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातील फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजला द्यायची असते. घरात आजारपण असते, पावसाळ्यात घराचे पत्रे उडालेले असतात, खात्यात अचानक मोठी रक्कम दिसते आणि ती खर्च होते. मी कोणाला दोष देत नाही. पण ती रक्कम आपली नसते. ती ज्या दिवशी येईल, त्याच दिवशी कॉलेजात भरून पावती घ्यावी.

इतके करूनही पैसे कमी पडले तर बँकेकडे जरूर या. शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना भारतीय बँक संघाने २००१ साली आखली आणि नंतर तिच्यात सुधारणा होत गेल्या. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला जमीन-दागिने तारण लागत नाहीत. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. २०१५ पासून पतहमी योजनेखाली साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय आणि तिऱ्हाइताच्या हमीशिवाय देता येते. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारने २००९-१० पासून त्या काळातील व्याजाच्या अनुदानाची योजना आणली. अर्ज करताना ‘मला व्याज अनुदान मिळेल का?’ हा प्रश्न तोंडाने विचारा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि शबरी आदिवासी महामंडळ यांच्याकडेही चौकशी करा.

हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. एक उदाहरण मांडून दाखवतो. समजा, नर्सिंगच्या एका मुलीने चार वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख याप्रमाणे चार लाख घेतले. व्याज शेकडा १० धरू. तिला व्याज अनुदान नाही असे समजू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार, चौथ्यावर २० हजार. सरळ व्याजाने एकूण १ लाख ४० हजार झाले. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या दिवशी कर्ज चार लाख नसून ५ लाख ४० हजार असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ७,१४० रुपये. पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ५,८०० रुपये. हप्ता हलका झाला खरा, पण एकूण भरणा सुमारे १ लाख ८८ हजारांनी वाढला. आणि तिने शिकत असतानाच महिन्याचे व्याज भरले असते, पहिल्या वर्षी ते महिन्याला साधारण ८३५ रुपये होते, तर शेवटी कर्ज चार लाखच राहिले असते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,३०० झाला असता. ही आकडेमोड बँकेत बसून करून घ्या. ती करून देणे हे आमचे काम आहे, उपकार नव्हे.

मग विचारा: या शिक्षणानंतर खासगी दवाखान्यात सुरुवातीला जो पगार मिळतो, त्यात खोलीचे भाडे, जेवण, घरी पाठवायचे पैसे आणि हा हप्ता बसतो का? बसत नसेल तर कर्जाची रक्कम कमी करा. वसतिगृह मिळवा, स्वाधार मिळवा, जुनी पुस्तके घ्या. मुरबाडला रेल्वे नाही. धसई-टोकावड्याच्या मुलाला एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. डोळखांब-किन्हवलीच्या मुलीला आधी आसनगाव स्टेशन गाठायचे असते. तो प्रवासखर्चही वहीत धरा. फीचा आकडा सगळे लिहितात, भाड्याचा कोणी लिहीत नाही, आणि उधारी सुरू होते ती तेथूनच.

या उधारीसाठी बिगरपरवाना सावकाराकडे जाऊ नका. २०१४ च्या सावकारी कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. परवान्याची चौकशी तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. बचत गटाच्या किंवा सूक्ष्म कर्जाच्या कंपनीच्या आठवडी हप्त्यावर फी भरू नका. आई दर आठवड्याला हप्ता भरते आणि मुलीला कमाई सुरू होते चार वर्षांनी. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसायचा?

हप्ता थकला तर तोंड लपवू नका. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते आणि सहकर्जदार असलेल्या आई-वडिलांच्याही नावाला बट्टा लागतो. त्याआधी शाखेत येऊन लेखी सांगा की नोंदणी व्हायची आहे, नोकरी लागायची आहे, मुदत वाढवून द्या. वेळेत आलेल्या माणसासाठी मार्ग काढता येतो. वसुलीसाठी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे, हेही लक्षात ठेवा.

आता तक्रारीविषयी. आपली मुले तक्रार करतात, पण ती एस.टी. स्टँडवर, मित्रांजवळ. एक प्रसंग सांगतो. नावे सांगणे उचित नाही. एक विद्यार्थिनी कर्जाची चौकशी करण्यास आली. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून कॉलेजने परीक्षेचे प्रवेशपत्र अडवले होते. मी विचारले, ‘ताई, लेखी अर्ज दिलास का?’ ती म्हणाली, ‘तीन वेळा भेटले, सर ओरडले.’ कागद एकही नव्हता. तिला तेथेच अर्ज लिहायला लावला. नाव, वर्ग, महाडीबीटी अर्जाचा क्रमांक, तो कोठे प्रलंबित आहे आणि विनंती काय, एवढ्या पाच ओळी. कॉलेजच्या आवक टेबलावर शिक्का घेऊन दुसरी प्रत जवळ ठेवली. चौथ्या दिवशी प्रवेशपत्र मिळाले. कर्ज काढावेच लागले नाही.

कॉलेजचीही बाजू असते, हे मी मान्य करतो. शासनाकडून शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते आणि शिक्षकांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. परंतु शासनाच्या उशिराचा दंड विद्यार्थ्याने भरावा, हा न्याय नव्हे. पात्र विद्यार्थ्याला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा, अशी तरतूद २०२१ च्या केंद्रीय सूचनांतच आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली मनाई केली आहे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आवश्यक केली. त्या समितीत महिला तसेच अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गाचे प्रतिनिधित्व हवे आणि तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तेथे समाधान झाले नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते.

पायऱ्या लक्षात ठेवा. आधी प्राचार्य, मग समिती, मग विद्यापीठ, बी.एस्सी. नर्सिंग, आयुर्वेद व होमिओपॅथीसाठी ते नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. जादा फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरण. शिष्यवृत्तीसाठी ठाण्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त किंवा शहापूरचे प्रकल्प कार्यालय. बँकेविरुद्ध तक्रार असेल तर आधी शाखा आणि बँकेचे वरिष्ठ कार्यालय. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. तेथे फी लागत नाही, वकील लागत नाही. मी बँकेचा नोकर असूनही हे सांगतो, कारण नियमाने चालणाऱ्याला तक्रारीची भीती नसते.

महाविद्यालयांच्या चालकांना माझी नम्र विनंती आहे. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, एक शिक्षक आणि एक लिपिक फक्त पैशांच्या अडचणी ऐकण्यासाठी बसवा. चारचौघांत नव्हे, वेगळ्या खोलीत. वर्गात उभे करून थकबाकीदारांची नावे वाचणे बंद करा. नाव वाचलेला मुलगा फी घेऊन परत येत नाही, तो परत येतच नाही. तक्रारीची नोंदवही ठेवा: तारीख, तक्रार, उत्तराची तारीख. आणि मंडळाला विनंती, की जून ते सप्टेंबर या काळात दर रविवारी विहारात दोन टेबले मांडावीत. एका टेबलावर अर्ज भरून द्यावेत, दुसऱ्यावर तक्रारीचा मसुदा लिहून द्यावा. आपल्यात नोकरीला लागलेले शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँक कर्मचारी आहेत. एकाने दोन तास दिले तरी एका घराचे दागिने वाचतील. मीही एक रविवार देतो.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत एक सुख कोणाचेही ऋण अंगावर नसण्याचे आहे. त्या सुखापर्यंत आपल्या मुलींना पोहोचायचे आहे, आणि मध्ये काही वर्षे कर्जाची वाट चालावी लागली तर चालेल. फक्त तिला रोज माहीत असावे की घेतले किती, फेडले किती, उरले किती आणि कोणाकडे दाद मागायची. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाताना वाटेत शंभर पानांची एक वही विकत घ्या. पहिल्या पानावर आपले नाव लिहा आणि दुसऱ्या पानावर मंजूर फीचा आकडा.

 

नमो बुद्धाय! जयभीम!